बोलीचा आवाज नीट कसा टिपावा

मुंबईत ज्यांच्या घरात किंवा शेजारात अजून कुणी मालवणी, कोळी, आगरी किंवा वाडवळी बोलतं, आणि तो आवाज नीट रेकॉर्ड करून भाषेच्या अभ्यासासाठी, यंत्रांना मराठी शिकवण्यासाठी द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं शिक्षण भाषाविज्ञानाचं, मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसवरचं. राहते लालबागला. रोजचं काम म्हणजे कानाला हेडफोन लावून लोकांचं बोलणं ऐकायचं, ते शब्दशः लिहून काढायचं आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं. यंत्राला बोलणं ओळखायला शिकवतात ते अशाच जोड्यांवर. एका बाजूला आवाजाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला त्यात बोललेला मजकूर. जोडी खोटी असली तर यंत्र खोटंच शिकतं.

या कामाची निकड कुठे जाणवते ते आधी सांगते. मुलांचं वाचन ऐकणारी ॲप्स आता शाळांत आली आहेत. मूल मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं आणि कुठे अडखळलं, मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते सांगतं. पवईच्या आयआयटीत यावर बरंच संशोधन झालं आहे, तिथे तयार झालेलं ‘तारा’ हे ॲप अशाच कामाचं आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ पाहणीत हेच माणूस करतो: मुलाला एकेकटं बसवून अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतो. वर्गभर मुलांचं असं एकेकट्याचं वाचन दर आठवड्याला ऐकायला बाईंना वेळ कुठून मिळणार? तिथे यंत्राचा खरा उपयोग आहे, आणि तो व्हावा असं मला मनापासून वाटतं.

पण कोळीवाड्यातली मुलगी ‘काळा घोडा पाणी पितो’ हे वाक्य ‘काला घोरा पानी पितो’ असं वाचते. तिने एकही अक्षर चुकवलेलं नाही. ळचा ल, डचा र, णचा न, ही तिच्या घरच्या बोलीची रीत आहे आणि ती अगदी नियमाने पाळली जाते. वर्गातल्या बाईंना ते पहिल्या आठवड्यात कळतं. ज्या यंत्राच्या कानावर असा आवाज कधी पडलाच नाही ते मात्र चारपैकी तीन शब्दांवर लाल खूण करतं. अशा खुणा मी पडद्यावर पाहिल्या आहेत, आणि पुढच्या ओळीला त्या मुलीचा आवाज कसा बारीक होतो तेही ऐकलं आहे. तिच्या आजीचा, काकाचा, शेजारच्या मुलांचा आवाज शिकण्याच्या साठ्यात असता तर ती खूण पडली नसती.

माणूस आधी, मग मशीन

सुरुवात एका घरातून करा. आजोबा बहुधा स्वतःहून पुढे येतात आणि आजी ‘माका काय येता’ म्हणून आत जाते. आजीलाच बसवा. घराबाहेर कमी वावरलेल्या, शाळेत कमी गेलेल्या बायकांच्या बोलण्यात बोली जास्त शाबूत राहिलेली आढळते. शिवाय एखादं आठ-दहा वर्षांचं मूलही घ्या. मुलांची स्वरनलिका आखूड असते, त्यामुळे त्यांच्या आवाजातल्या कंपनसंख्या वरच्या असतात. मोठ्यांच्या आवाजावर तयार झालेलं यंत्र मुलांपुढे अडखळतं.

प्रत्येक माणसामागे एक कागद करा. जन्म कुठला, दहाव्या वर्षापर्यंत कुठे वाढले, आईचं गाव कोणतं, मुंबईत कधीपासून, घरात आणखी कोणत्या भाषा, शिक्षण किती, वय किती. या कागदावर नाव घालू नका, क्रमांक घाला. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. आडनावावरून बोली ठरवायला जाऊ नका. लालबागमध्ये घाटावरचं आडनाव लावणारी आणि अस्सल मालवणी बोलणारी माणसं आहेत, कारण वाढली ती मालवणी मजल्यावर.

बोलींचे नमुने गोळा करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. ब्रिटिश अमदानीतल्या ग्रिअर्सन या भाषाभ्यासकाच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली आला. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली आहे, म्हणजे बोलींची आपसात तुलना करता येते. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, ते संकेतस्थळावर ऐकायला मिळतं. काम सुरू करण्याआधी ते तासभर ऐकाच. कान तयार होतो.

ग्रिअर्सनची युक्ती आपणही वापरायची. मोकळ्या गप्पा तर हव्यातच, पण प्रत्येकाकडून एक समान गोष्टही सांगून घ्यायची. मी तहानलेल्या कावळ्याची घेते. ती सगळ्यांना येते, वाचून दाखवावी लागत नाही, आणि तिच्यात ‘कावळा’, ‘पाणी’, ‘खडे’ हे तिन्ही आहेत. ळ, ण, ड. कोळीवाड्यात कावळ्याचा कावला होतो का, कुणाचा होतो, नातवंडांचाही होतो का, हे एका मिनिटाच्या गोष्टीत समजतं.

खोली

मुंबईत शांत खोली मिळत नाही, ती करावी लागते. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन एअरप्लेन मोडवर. फ्रिजचा प्लग काढा आणि तुमच्या घराची किल्ली त्या फ्रिजवर ठेवा, म्हणजे निघताना तो परत लावायला विसरणार नाही. शेजारी कुकर किती वाजता लागतो ते विचारून घ्या. जेवणं आटोपल्यानंतरची दुपारची वेळ चाळीत सगळ्यात बरी. साडेतीननंतर मुलं खाली खेळायला उतरतात. रुळांजवळच्या घरी रविवारच्या मेगाब्लॉकच्या भरवशावर जाऊ नका. गाड्या शेजारच्या रुळावर वळवलेल्या असतात, आवाज तेवढाच येतो. लालबाग-परळमध्ये गणपतीच्या आधीचे काही आठवडे आणि गणपतीचे दिवस हे काम बाजूला ठेवावं. ढोलताशाचा सराव सुरू झाला की कुठलीच खिडकी पुरत नाही.

कोळीवाड्यात मात्र वेळेचा हिशेब वेगळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्याला लागलेल्या, पुरुष घरी, जाळी विणत बसलेले, बोलायला सवड. वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच. अडचण एकच, पत्र्यावरचा पाऊस. त्यामुळे स्लॅबचं घर शोधा, किंवा उघडीप मिळाली की लगेच बसा; पत्र्याखाली धो धो पावसात केलेलं रेकॉर्डिंग कुणाच्याही कामाचं नसतं.

मग टाळी वाजवून बघा. एकच, कडक. टाळीमागे खण्ण असा सूर रेंगाळला तर खोली घुमते आहे. लादी, ऑइलपेंटच्या भिंती आणि स्टीलची मांडणी असली की हे होणारच. लादीवर गोधडी अंथरा, दाराला चादर लावा, कपड्यांचं कपाट उघडून बोलणाऱ्याचं तोंड त्या दिशेला करा. पुन्हा टाळी वाजवा. फरक तुमचा तुम्हालाच ऐकू येईल.

काही जण म्हणतात, यंत्राला खऱ्या जगातल्या गोंगाटातच ऐकायचं आहे, मग शांततेचा एवढा अट्टहास कशाला? मुद्दा खरा आहे. पण स्वच्छ आवाजात नंतर हवा तसा, हवा तेवढा गोंगाट मिसळता येतो आणि शिकवताना तो मुद्दाम मिसळतातही. मिसळलेला गोंगाट धड बाहेर काढता येत नाही.

फोन, माइक आणि थोडे आकडे

महागडं काही नको. साधा स्मार्टफोन आणि वायरचा कॉलर माइक पुरतो. रेकॉर्डिंगचं असं ॲप घ्या ज्यात ‘वेव्ह’ फाइल मिळते, म्हणजे आवाज न दाबता साठवलेली. मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असं ठेवा. तासाला साधारण ३२० एमबी जागा लागते, तेव्हा निघण्याआधी फोन रिकामा करा. ॲपमध्ये आवाज आपोआप स्वच्छ करण्याची किंवा लहानमोठा आवाज आपोआप सारखा करण्याची सोय असेल तर ती बंद. ती यंत्रणा पंख्याबरोबर स आणि श यांचीही धार काढून टाकते.

व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट चालत नाही का, हे मला नेहमी विचारतात. ऐकायला चालते. अभ्यासाला नाही. ती दाबून लहान केलेली असते आणि दाबताना ज्या बारकाव्यांना फेकून दिलेलं असतं, तेच आपल्याला हवे असतात. एक उदाहरण देते. ‘माझा’ म्हणा, मग ‘माझी’ म्हणा. झ दोन्हीकडे एकच लिहितो, पण ‘माझा’मध्ये जीभ दातांच्या मागे लागते आणि ‘माझी’मध्ये थोडी मागे, टाळूकडे. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतही तेच. ‘प्राट’ नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी केलेलं; त्यात फाइल उघडली की आवाजाचं चित्र दिसतं, खालून वर कंपनसंख्या, डावीकडून उजवीकडे वेळ. ‘चाक’च्या सुरुवातीचा करडा पट्टा वरच्या बाजूला दाट दिसतो, ‘चार’चा त्याहून खाली. जुन्या टेलिफोनच्या लायनीवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, म्हणजे हा वरचा भाग बराचसा कापलाच जातो. फोनवर ‘स’ सांगितला तरी समोरच्याला ‘फ’ ऐकू येतो त्याचं कारण हेच.

याला एक अपवाद आहे. यंत्र फोनवरच वापरायचं असेल तर त्याला फोनवरचाच आवाज शिकवावा लागतो. शेतमालाचे बाजारभाव मराठीतून फोनवर सांगणाऱ्या यंत्रणेसाठी टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले, ते म्हणूनच फोनवरून. तुम्हाला आवाज कशासाठी हवा आहे हे आधी ठरवा. नक्की नसेल तर चांगला घ्या. चांगल्याचा फोनसारखा करता येतो.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला. अगदी समोर धरला तर फ, भ, प यांचा वारा माइकवर आदळतो. साडीच्या पदराला माइक लावला तर पदराची सळसळ येते. काठाला, जिथे कापड जाड आहे तिथे लावा, आणि बांगड्या वाजत असतील तर आजींना हात मांडीवर ठेवायला सांगा, बांगड्या काढायला सांगू नका. दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनने ऐका. आवाजाची रेघ वरच्या कडेला टेकता कामा नये, कारण टेकलेला भाग फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही. माणूस मोठ्याने हसला तरी टेकणार नाही एवढी जागा सोडा. आणि कुणी काही बोलण्याआधी रिकाम्या खोलीची दहा सेकंदं घ्या. पुढे खोलीचा आवाज ओळखायला ती उपयोगी पडतात.

परवानगी

हे घाईत उरकू नका. आज थोड्याशा आवाजावरून हुबेहूब नक्कल करणारी साधनं कुणालाही मिळतात आणि खोट्या आवाजात नातेवाइकांना फोन करून पैसे उकळणारेही आहेत. समोरच्या माणसाला हे माहीत असायला हवं. त्यांच्या बोलीत, सोप्या शब्दांत सांगा: आवाज कुठे ठेवणार, कोण ऐकणार, यंत्र शिकवायला वापरणार का, विकला जाऊ शकतो का, आणि उद्या नको वाटलं तर काढून टाकता येईल का. काढता येणार नसेल तर तेही सांगा. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या आवाज गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर दिलेला आवाज सगळे हक्क सोडून दिला जातो, जगात कुणीही कशालाही वापरू शकतं. मला ते योग्यच वाटतं, पण ते माझ्या आवाजापुरतं. दुसऱ्याच्या आवाजाचा निर्णय त्याचा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाच संमती आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. कागदावर सही घ्या आणि संमती रेकॉर्डही करा. सही करता येत नसेल तर आवाजातलं ‘होय’ पुरेसं स्पष्ट असतं. गप्पांच्या ओघात फोन नंबर, बँक, आजारपण, शेजाऱ्यांची भांडणं असं काही आलं तर पुढे द्यायच्या प्रतीत तो भाग काढून त्या जागी नुसती शांतता घाला. त्यांनी सांगायची वाट पाहू नका.

बोलतं कसं करायचं

‘आजी, तुमच्या बोलीत बोला हं’ असं म्हटलं की बोली संपली. एक तर आजी पुस्तकी बोलायला लागतात, नाहीतर नाटकातलं मालवणी करून दाखवतात. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने न्यूयॉर्कमध्ये लोकांचं बोलणं टिपताना हीच अडचण मांडली होती: कुणी ऐकत नसताना माणसं कशी बोलतात हे आपल्याला ऐकायचं असतं. त्याचा एक उपाय म्हणजे जीव धोक्यात आला होता असा प्रसंग विचारायचा. सांगणारा त्या प्रसंगात शिरला की माइक विसरतो.

मुंबईत तो प्रश्न तयारच आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येक मुंबईकराकडे त्या दिवसाची गोष्ट आहे, आणि ती त्याने शंभरदा सांगितली असली तरी पुन्हा सांगायला आवडते. ‘आजी, सव्वीस जुलैला तुम्ही कुठे होता?’ एवढंच विचारायचं. ‘खंय असतलंय गो, हयसरच होतंय!’ असं उत्तर आलं की समजायचं, आता थांबायला नको.

गिरणगावात १९८२ च्या संपाचा विषय निघतोच. तो तुम्ही काढू नका. ज्या घरांनी त्या संपात सगळं गमावलं, तिथे आवाजाच्या नमुन्यासाठी तो प्रश्न विचारणं मला पटत नाही. त्यांनी काढला तर पूर्ण ऐका, मधे घड्याळ बघू नका, आणि तो भाग ठेवायचा की नाही हे शेवटी त्यांनाच विचारा.

तुमची स्वतःची मराठी प्रमाण असेल तर प्रश्न तुम्ही विचारूच नका. आजींच्या गावची, त्यांच्याच वयाची एखादी मैत्रीण बसवा, दोघींना दोन माइक लावा आणि तुम्ही दाराशी बसा. समोरचा जसा बोलतो तसं बोलायला आपण नकळत लागतो. तुम्ही समोर असलात की आजी ‘माका’चं ‘मला’ करतात. आणि ऐकताना ‘हो ना’, ‘अगं बाई’ असं म्हणू नका. मान हलवा. तुमचा प्रत्येक हुंकार त्यांच्या शब्दावर पडतो आणि तो शब्द वाया जातो. त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा. सगळ्यात छान वाक्यं त्या थांबण्यानंतर येतात.

लिहून काढणं

एका तासाचं रेकॉर्डिंग नीट लिहायला नवशिक्याला सहा ते दहा तास लागतात, दोघी एकमेकींवर बोलत असतील तर त्याहून जास्त. म्हणून आधी वीस मिनिटंच घ्या. ‘इलान’ नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात आवाजाखाली हव्या तेवढ्या ओळी लावता येतात आणि प्रत्येक ओळीला वेळ जोडलेली राहते. पाच ते पंधरा सेकंदांचे तुकडे करा, श्वास घेतात तिथे तोडा, शब्दाच्या मधे नको.

नियम एकच महत्त्वाचा: जे बोललं गेलं ते लिहा. शुद्ध करू नका. आपल्या शाळेने हाताला लावलेली सवय इथे सगळ्यात जास्त आड येते. एका मालवणी आजींचं हे वाक्य बघा:

गिरणीचो भोंगो वाजलो की माजो घोव भायर पडायचो.

यंत्राने हेच ऐकून असं लिहिलं:

गिरणीचा भोंगा वाजला की माझा गाव बाहेर पडायचा.

यंत्र किती चुकलं हे मोजायची जगभर रूढ पद्धत सोपी आहे. बदललेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द मोजायचे आणि मूळ शब्दांच्या संख्येने भागायचं. इथे आठपैकी सात शब्द बदलले, फक्त ‘की’ वाचला. म्हणजे चूक साडेसत्त्याऐंशी टक्के. आता वाक्य पुन्हा वाचा. सातपैकी सहा शब्दांचा अर्थ जागच्या जागी आहे. यंत्राने आपल्या मनाने प्रमाण मराठी केली एवढंच. खरी चूक एकच, आणि ती भयंकर आहे: नवऱ्याच्या जागी गाव आला. कामावर जाणारा माणूसच वाक्यातून नाहीसा झाला. पण आकड्याला या दोन चुकांतला फरक दिसत नाही.

म्हणून मी दोन ओळी लिहिते आणि तुम्हीही लिहा. पहिली ओळ कानाने ऐकली तशी. तिच्याखाली दुसरी, प्रमाण मराठीत: ‘गिरणीचा भोंगा वाजला की माझा नवरा बाहेर पडायचा.’ पहिल्या ओळीवरून यंत्राला ध्वनी शिकता येतात, दुसरीवरून अर्थ आणि शोध. दोन्ही असल्या की पुढे कुणीही यंत्र तपासताना बोलीचा फरक वेगळा आणि खरी चूक वेगळी मोजू शकतं. मुलांचं वाचन टिपत असाल तर तिसरी ओळ हवीच. तिच्यात प्रत्येक वेगळ्या शब्दापुढे खूण करा: हा घरच्या बोलीचा उच्चार, की अक्षर ओळखता आलं नाही? ‘पाणी’चं ‘पानी’ हा उच्चार. ‘पाणी’चं ‘पान’ ही वाचनाची चूक. वाचन शिकवणारं यंत्र करणाऱ्यांना या खुणेची जेवढी गरज आहे तेवढी दुसऱ्या कशाची नाही, आणि ती खूण फक्त ती बोली जाणणारं माणूसच करू शकतं. त्या मुलीच्या गल्लीत वाढलेला कॉलेजातला एखादा दादा किंवा ताई हे काम माझ्याहून चांगलं करेल.

बाकीचे बारीक नियम भराभर सांगते. आकडे अक्षरात लिहा, ‘साडेतीनशे’, ‘पावणेदोन’, ‘एकोणऐंशी’. ३५० लिहिलं तर माणूस ‘साडेतीनशे’ म्हणाला की ‘तीनशे पन्नास’ हे कळत नाही. ‘ट्रेन’, ‘टायम’, ‘टेन्शन’ असे शब्द देवनागरीतच, आणि ‘टायम’ म्हटलं असेल तर ‘टाइम’ लिहू नका. ‘म्हणजे’, ‘काय ते’, ‘आपलं’, ‘अं’ हे सगळं ठेवा, बोलणं त्यांच्यावरच चालतं. हसू, खोकला, दारावरची थाप यांना ठरलेल्या खुणा करा. ऐकू आलं नाही तर ‘अस्पष्ट’ लिहा, अंदाज बांधू नका. ‘भायर’ की ‘भायेर’ असा प्रश्न पडला की एकदाच ठरवा आणि एका वहीत नोंदवा. गटातल्या सगळ्यांनी तीच वही वापरायची.

लिहून झालं की दुसऱ्याकडून तपासून घ्या, आणि जमलं तर बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. त्या मालवणी आजींपाशी मी यंत्राचं वाक्य वाचलं तेव्हा त्यांनी मला लगेच अडवलं: ‘गाव नाय गो, घोव!’ असा तपासनीस कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. एखाद्या मुलाचे उच्चार घरातल्या कुणाशीच जुळत नसतील, आई आणि आजी ‘क’ म्हणत असताना ते सतत ‘त’ म्हणत असेल आणि वय पाच-सहाच्या पुढे गेलं असेल, तर ती बोली नाही. आईवडिलांना बाजूला घेऊन, न घाबरवता, कान तपासून घ्यायला सांगा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण यांवर काम करते, तिथे तपासणी होते.

पुढे काय करायचं

साठा यंत्रासाठी देणार असाल तर त्याचे दोन भाग करा, शिकवायचा वेगळा आणि परीक्षेचा वेगळा. एका माणसाचा आवाज दोन्हीकडे येऊ देऊ नका. आला तर यंत्र त्या आजींचा आवाज पाठ करतं, बोली शिकत नाही, आणि परीक्षेत मार्क मात्र भरपूर पडतात. शक्य असेल तर एक अख्खं घर, किंवा एक अख्खी गल्ली परीक्षेसाठी बाजूला ठेवा.

द्यायचं कुठे? स्वतःचा आवाज द्यायचा असेल तर ‘कॉमन व्हॉइस’वर मराठी आहे, तिथे वाक्यं वाचता येतात आणि दुसऱ्यांची तपासताही येतात. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात ‘भाषादान’ नावाचा विभाग आहे, त्यात बोलून, ऐकून, लिहून मदत करता येते. या ठिकाणी वाचलेली किंवा छोटी वाक्यं चालतात. तुम्ही गोळा केलेल्या लांब गप्पा, दोन ओळींच्या मजकुरासकट, संशोधन करणाऱ्या गटाकडे द्या. विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागाला, पवईला, डेक्कन कॉलेजला सरळ पत्र लिहा. काय आहे, किती मिनिटं आहे, कुणाकुणाचं आहे, संमती कशाची आहे, एवढं पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा. फाइली त्या पत्राबरोबर पाठवू नका. उत्तर आलं की आवाज कसा ठेवणार, पुढे कुणाला देणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि ते उत्तर घरच्यांना वाचून दाखवा.

मूळ फाइलला कधी हात लावू नका, काटछाट तिच्या नकलेवर करायची. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर. ज्यांचा आवाज घेतला त्यांना त्यांची प्रत द्या, आणि ती पेनड्राइव्हवर देऊन उपयोग नाही. लहान करून नातवाच्या फोनवर टाका, घरात ती वाजते का बघा, आणि मगच पुढच्या घराची वेळ ठरवा.